हद्दीवरची म्हैस

कडूबाईच्या रसवंतीचा चरक गावात होता आणि बाकडी शहरात.

हे काही तिनं ठरवून केलं नव्हतं. हर्सूल मागं टाकून बरंच पुढं गेलं की शहराचा सिमेंटचा रस्ता संपतो आणि गारदरी ग्रामपंचायतीचा डांबरी रस्ता सुरू होतो. डांबरी आपलं म्हणायचं म्हणून. दोन्हींच्या मध्ये वीतभर उंचीची पायरी पडलेली आहे आणि ती बुजवायची कोणी, याचा निकाल अजून लागायचा आहे. तोवर प्रत्येक गाडी तिथं येऊन दबकते, गाडीवाला एक शिवी हासडतो आणि मग पुढं सरकतो. गाडी दबकली की चरकाच्या घुंगरांचा आवाज कानावर पडतो आणि आवाज पडला की तहान लागते. एवढं डोकं लावून कडूबाईनं सात वर्षांपूर्वी तिथं चरक टाकला. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने धंदा, त्यावर वर्षभराची चूल. मुलगा वाळूजला कंत्राटी कामावर होता, पण ते काम कधी असायचं, कधी नसायचं.

या जागेपायी ती दोन सरकारांना पोसत होती. सकाळी दहाला शहराचा तहबाजारीवाला यायचा आणि बाकड्यांचे वीस रुपये घेऊन पांढरी पावती फाडायचा. संध्याकाळी पाचला ग्रामपंचायतीचा शिपाई यायचा आणि चरकाचे दहा रुपये घेऊन गुलाबी पावती फाडायचा. सात वर्षांत एकाचाही खाडा झाला नाही. लोक उगाच म्हणतात, सरकारी माणूस वेळेवर येत नाही. त्यांनी एकदा पैसे घ्यायला येणारा सरकारी माणूस बघावा.

एप्रिलातल्या एका सोमवारी सकाळी कडूबाई आणि तिची सून निशा गाड्यापाशी आल्या, तर पायरीच्या अलीकडं, शहराच्या सिमेंटवर, एक म्हैस मरून पडली होती. चांगली धिप्पाड, काळीभोर. एक शिंग मोडलेलं.

"पहाटं डंपरनं उडवली वाटतं," निशा ओढणी नाकाला लावत म्हणाली.

"कुणाची हाय?"

"कानातला बिल्ला कापून नेलाय, आई. आता कुणाचीच नाय."

हीच म्हैस सकाळ-संध्याकाळ सहा लिटर दूध देत रस्त्यावर हिंडली असती, तर दुपारपर्यंत तिचे चार मालक भांडत पोलीस ठाण्यात गेले असते. मेल्यावर मात्र तिला कोणी विचारेना. नऊ वाजले, ऊन चढलं, माशा जमल्या. मोटारसायकलवरचं एक जोडपं पायरीपाशी थांबलं, बाई उतरली, तिनं म्हैस बघितली आणि परत गाडीवर बसली. निशानं चरक चालू केला होता, तो बंद केला.

"थांब, मी जाऊन येते आफिसात," कडूबाई म्हणाली. "सात वर्षं पावत्या फाडून घेतल्या. कवातरी कामाला यायच्याच की."

तिनं गल्ल्याखालची पिशवी काढली. तिच्यात सात वर्षांच्या पावत्या होत्या, पांढऱ्या आणि गुलाबी, सगळ्या एकत्र. पुरावा जितका जास्त तितका बरा, असं तिला वाटलं. तिथंच तिचं चुकलं.

वॉर्ड ऑफिसात स्वच्छता निरीक्षक अभय बसला होता. तिशीतला, दोन फोनवाला, स्वभावानं बरा. त्यानं कडूबाईला खुर्ची दिली, हेसुद्धा आजकाल थोडं नाही.

"कुठं पडलीय म्हैस, मावशी?"

"माझ्या गाड्यापुढं."

"आणि गाडा कुठं आहे?"

"ह्या बगा ना पावत्या," म्हणत तिनं पिशवी टेबलावर पालथी केली. पांढऱ्या-गुलाबी पावत्यांचा ढीग पडला. अभयनं नेमकी गुलाबी उचलली.

"मावशी, ही तर ग्रामपंचायतीची आहे. म्हणजे तुम्ही गारदरीत मोडता."

"चरक मोडतो. बाकडी तुमच्यात हायेत."

"मग म्हैस चरकापुढं आहे का बाकड्यापुढं?"

"म्हैस रस्त्यात हाय, साहेब! तिला बसायला बाकडं दिलं नाय मी."

अभयला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. "राग नका येऊ देऊ. हद्दीबाहेरचं जनावर उचललं ना, तर डिझेलचे पैसे माझ्या पगारातून कापतात. मागं एकदा कापलेत. ग्रामपंचायतीला म्हणा, एक पत्र द्या आणि तीन हजार भरा. दहा मिनिटांत गाडी पाठवतो."

"आवं, पण ती तुमच्या सिमेंटवर पडलीय!"

"सिमेंट कुठपर्यंत टाकलंय ते वेगळं, हद्द कुठपर्यंत आहे ते वेगळं. ती वाढवायचं चाललंय. वाढली की तुम्ही पूर्ण आमच्या."

"तवर म्हैस ऱ्हाईल का?"

अभयनं टेबलावरच्या पावत्या गोळा करून तिच्याकडं सारल्या. त्याचा दुसरा फोन वाजला.

गारदरीच्या कार्यालयात ग्रामसेविका संध्या मॅडम होत्या. नोकरीला दीड वर्ष झालेलं, तीन गावांचा भार, टेबल मात्र लख्ख. त्यांनी ढिगातून नेमकी पांढरी पावती उचलली.

"काकू, ही तर शहराची. तहबाजारी ते घेतात ना? मग म्हैस त्यांनीच उचलायची. आमच्याकडं ना गाडी, ना माणूस. वरून निधी येतो तो ठरलेल्या कामाला बांधलेला असतो. म्हैस कुठल्या कामात बसवू मी?"

शेजारच्या खुर्चीत नानासाहेब बसले होते. ती खुर्ची खरं तर सरपंचाची, आणि सरपंच होत्या त्यांच्या सौभाग्यवती आवडाबाई. पण आवडाबाईंना घरी काम असायचं आणि नानासाहेबांना घरी काम नसायचं, म्हणून ते इथं बसत. पन्नास एकर जमीन, त्यातली वीस प्लॉटिंगला गेलेली, अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. कडूबाईनं पत्राचं आणि तीन हजारांचं सांगताच ते एकदम पेटले.

"तीन हजार? आपण भरायचे? शहराचं गटार आपल्या ओढ्याला सोडलंय. कचरा आपल्या गायरानाकडंला. आपली पोरं तिकडं राबतात, तिकडंच खर्चतात, सगळा कर तिकडं. अन् मेलेली म्हैस तेवढी आपली? एक छदाम द्यायचा नाय, मॅडम. लिहून ठेवा!"

संध्या मॅडमनी खरंच लिहून ठेवलं.

कडूबाई परत गेली, तिनं हे सगळं अभयला सांगितलं. त्याचाही मग पारा चढला. "अच्छा, असं म्हणतात का? यांचे पेशंट आमच्या दवाखान्यात. यांच्या गाड्या आमच्या रस्त्यावर. यांची मुलं आमच्या शाळेत. आणि घरपट्टीचं नाव काढलं की लगेच हे खेडेगाव! तीन हजार तर द्यावेच लागतील."

आता बघा, दोघंही खोटं बोलत नव्हते. गटार ओढ्याला येत होतं हेही खरं आणि दवाखान्यात गर्दी होत होती हेही खरं. पण त्या खरेपणानं म्हैस काही हलत नव्हती. कडूबाईनं त्या दिवशी रिक्षाला एकशे साठ रुपये घातले आणि गल्ल्यात एक रुपया आला नाही.

मंगळवारी म्हैस फुगली. वास पार वळणापर्यंत जायला लागला. गाड्या आता पायरीवर दबकेनाशा झाल्या. आदळल्या तरी चालेल, पण लवकर निघा, असं चाललं होतं. दहा वाजता तहबाजारीवाला आला. नाकाला रुमाल बांधून, पण वेळेवर.

"वीस रुपये, मावशी."

"आरं, एक गिलास इकला नाय दोन दिसांत! कशाची पावती?"

"पावती धंद्याची नसते, जागेची असते. बाकडी तर मांडलीत ना?"

"मग ह्या म्हशीकडून बी घे की. ती बी दोन दिस जागा अडवून बसलीय."

त्यानं रुमालाआडून काहीतरी म्हटलं आणि पांढरी पावती फाडली. संध्याकाळी शिपाई आला, त्यानं लांबूनच हात पुढं करून दहा रुपये घेतले आणि गुलाबी पावती दगडाखाली ठेवून गेला.

मधल्या वेळेत म्हशीचा प्रवास सुरू झाला होता. मंगळवारी दुपारी दोनला, म्हणजे सगळी ऑफिसं जेवायला उठतात तेव्हा, शहराच्या बाजूनं एक लोडर आला. कोणाचा, कुठला, ते विचारू नका, नंबरप्लेटला चिखल फासलेला होता. त्यानं म्हैस पुढं ढकलली, पायरीवरून खाली गावात लोटली आणि आला तसा निघून गेला. बुधवारी दुपारी दोनला गावाकडून एक ट्रॅक्टर आला. त्यालाही चिखल. त्यानं म्हशीला दोर लावला आणि परत शहराकडं ओढली. पण पायरी चढताना दोर तुटला. ट्रॅक्टरवाला घाबरून पळाला आणि म्हैस पायरीवर आडवी राहिली, पुढचा भाग वर शहरात, मागचा खाली गावात. अगदी चरक आणि बाकड्यांच्या मधोमध. याआधी ती गाड्यापासून वीस पावलांवर होती, आता चार पावलांवर आली.

"आई, ऊस वाळायला लागला," निशा म्हणाली. तिनं एक कांडं मोडून दाखवलं. आत बुरशीचा लालसर डाग धरला होता. सहा मोळ्या होत्या, सगळ्या रोख आणलेल्या.

कडूबाईनं तोंडाला पदर लावला आणि दोन्ही ऑफिसांना निशाच्या फोनवरून एकच निरोप दिला. "तुमची अर्धी अर्धी म्हैस माझ्या दारात हाय. आज आला नाय तर मी अर्धी अर्धी दोघांच्या आफिसात आणून टाकते."

ही धमकी लागू पडली. चार वाजता संयुक्त पाहणी झाली. अभय आला, सोबत टेप धरायला एक माणूस. संध्या मॅडम आल्या, सोबत नानासाहेब. नाकाला रुमाल बांधून सगळ्यांनी म्हैस मोजली. मुंडकं, मान आणि पुढचे पाय शहराकडं निघाले. मागचे पाय आणि शेपूट गावाकडं. पोटावरून वाद झाला.

"पोटाचा जास्त भाग तुमच्यात आहे," संध्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते फुगलंय म्हणून. मूळ पोट धरा," अभय म्हणाला.

मूळ पोट किती होतं ते सांगणारा मालक हजर नव्हता. शेवटी पंचनाम्यात पोट 'वादग्रस्त' असं लिहिलं आणि खर्च निम्मा-निम्मा ठरला, शहराचे तीन हजार, गावाचे तीन हजार. कडूबाईला वाटलं, सुटलो. तिनं निशाला घुंगरं पुसायला सांगितली.

पण अजून एक रकाना राहिला होता. पत्र मिळालं तरी शहराची गाडी फक्त रस्त्यापर्यंत येणार, खड्डा होता गावाच्या गायरानात आणि तिथं जायची तिला परवानगी नव्हती, आणि गावाकडं तर गाडीच नव्हती. म्हणजे काम खाजगी माणसानं करायचं, आणि अर्जावर त्याचं नाव लिहून सही घ्यायची. सहीशिवाय खड्ड्याची चिठ्ठी मिळणार नाही आणि चिठ्ठीशिवाय कोणताही जेसीबीवाला मेलेलं जनावर रस्त्यानं न्यायला तयार होणार नाही.

सगळ्यांनी कडूबाईकडं पाहिलं. तीन दिवस तीच तर मागं लागली होती.

"काकू, एकदम सोपं आहे," संध्या मॅडम उत्साहानं म्हणाल्या. त्या परभणीकडच्या, त्यांना गावाचं मागचं काही ठाऊक नव्हतं. "जेसीबीवाला चार हजार घेईल. तुम्हाला दोन्हीकडून मिळून सहा येतील. उलट तुमचेच दोन सुटतील."

"करा सही, आई," निशा हळूच म्हणाली. "उद्या सकाळी गाडा चालू व्हईल."

कडूबाईनं पेन घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली होती, वाचल्याशिवाय सही करायची नाही एवढं तिला माहीत होतं. तिनं बोट ठेवून वाचलं. "मृत जनावराची विल्हेवाट लावणाऱ्याचे नाव. म्हंजी हे माझं नाव इथं?"

"फक्त कागदाला हो."

तेवढ्यात नानासाहेब पुढं झाले. आवाज अगदी मऊ, समजावणीचा. "आन् तसं बगाय गेलं तर, कडूबाई, राग नका मानू. पण हे काम तुमच्यात पहिल्यापासून हायेच की. माहितीतलं काम. दुसरं कोण करणार?"

पेन थांबलं.

कडूबाईचा सासरा लिंबाजी. छप्पन साली धम्म घेतला आणि गावात येऊन त्यानं सांगितलं, आजपासून मेलं ढोर ओढणार नाही. गावानं त्याची विहीर बंद केली, रानातलं काम बंद केलं. दोन वर्षं त्यानं शहरात खडी फोडली, बायकोपोरांना अर्धपोटी ठेवलं, पण ढोराला हात लावला नाही. कडूबाई नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा म्हाताऱ्यानं तिला एकच गोष्ट सांगितली होती. भाकर कमी पडली तर चालंल, पण या घरातलं माणूस मेलं ढोर ओढायला जाणार नाय. बाकी कशावरून तो कधी बोलला नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी गुमान खायचा.

कडूबाईला राग आला. रागाहून जास्त रडू आलं. नानासाहेबांपुढं रडायचं नाही म्हणून तिनं आणखी राग आणला.

"पहिल्यापासून काय काय व्हतं ते मला नका सांगू, नाना. माझं नाव ह्या रकान्यात यायचं नाय."

"अवं, पण हातानं थोडंच ओढायचंय? जेसीबी ओढणार."

"नाव तर माझं लागणार ना? कागद ऱ्हातो. उद्या माझी नात वाचंल."

"काकू, सहा हजार रुपये आहेत," संध्या मॅडम गोंधळून म्हणाल्या. त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं.

"ज्याला पाहिजेत त्यानं घ्यावेत सहा हजार. मी माझ्या सासऱ्याला दोन हजारात इकणार नाय."

अभयनं पंचनाम्याची घडी घातली. त्याला कळलं होतं. त्यानं नानासाहेबांकडं एकदा पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला विचाराल तर त्यानं दोन शब्द बोलायला हवे होते, पण तो नाही बोलला.

सगळे गेल्यावर निशा फुटली. "आजोबा गेले, त्यांचा जमाना गेला. म्हैस हितंच हाय. पोरीची, संस्कृतीची, शाळेची पुस्तकं घ्यायचीत, ऊस सडलाय, ह्यांचं काम बंद हाय. एका सहीनं काय आपण बाटणार व्हतो? बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, त्या शिक्षणाची फी कुठून द्यायची?"

"तुझं खरं हाय," कडूबाई म्हणाली.

"मंग?"

"तुझं खरं हाय, पण माझ्यानं व्हत नाय."

दोघींनी सडलेल्या दोन मोळ्या उचलून लांब टाकल्या आणि घरी गेल्या. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

इकडं नानासाहेबांच्या डोक्यात मात्र सहा हजार फिरायला लागले होते. जेसीबीचे चार हजार जातात ते ज्याच्याकडं ट्रॅक्टर नाही त्याचे. त्यांच्याकडं दोन होते. डिझेल फार तर तीनशेचं. म्हणजे पाच हजार सातशे सुटणार, आणि वर गावासाठी झटल्याचा फोटो. वीस एकराचे प्लॉट विकलेल्या माणसाला पाच हजार सातशेचं काय, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही प्लॉट विकलेला माणूस जवळून पाहिलेला नाही. संध्याकाळीच त्यांनी संध्या मॅडमकडं जाऊन त्या रकान्यात झोकदार सही केली.

गुरुवारी सकाळी ते आले. ट्रॅक्टरवर त्यांचा मुलगा विश्वजीत, तोंडाला दोन मास्क. ठरवलेले तीन गडी आधीच येऊन बसले होते. त्यांनी म्हैस बघितली, एकमेकांकडं बघितलं.

"नाना, हे आमच्यानं व्हणार नाय."

"आरं, दोनशे जास्त देतो!"

"हजार दिले तरी नाय. घरात घेणार नाय बायको," एकजण म्हणाला आणि तिघंही चालू लागले.

"विश्वा, उतर खाली. दोर बांध."

"पप्पा, मी गाडी चालवायला आलोय," विश्वजीत मास्कातून म्हणाला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला.

रस्त्यावर माणसं थांबायला लागली होती. चार-पाच मोबाइल वर झाले. फोटोसाठी आलेल्या माणसाला माघारी फिरता येईना. नानासाहेबांनी बाह्या वर केल्या, इस्त्रीच्या धोतराचा काष्टा खोचला आणि मेलेल्या म्हशीच्या मागच्या पायांना स्वतःच्या हातांनी दोर बांधला. चार दिवसांचं जनावर, एप्रिलचं ऊन. त्यांनी दोनदा तोंड फिरवून ओकारी काढली. मग उभं राहून हात हलवला. "हं, ओढ!"

विश्वजीतनं घाबरून एकदम क्लच सोडला. दोर ताणला, म्हैस पायरीवरून उलटली आणि वादग्रस्त पोट फुटलं. ते दोन्ही हद्दींत सारखंच सांडलं. उरलेलं नानासाहेबांवर आलं.

कोणी हसलं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पण रस्ता हसला. निशासुद्धा ओढणीत तोंड खुपसून हसली. कडूबाईला मात्र हसू आलं नाही. ती बाकड्यावर बसून बघत राहिली.

तासाभरानं म्हैस गायरानात पुरून ट्रॅक्टर परत आला. अभयनं ब्लीचिंग पावडरची दोन पोती पाठवली होती, निशानं टँकरचं विकतचं पाणी ओतून जागा धुतली. काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन संध्या मॅडम आणि अभय उभे होते. नानासाहेब दोन्ही हात अंगापासून लांब धरून खाली उतरले.

"पैसे आज टाकता का खात्यावर?"

"नाना, एप्रिल आहे," संध्या मॅडम म्हणाल्या. "नवीन वर्षाचा निधी अजून आलेला नाही. दिवाळीपर्यंत होईल बहुतेक."

"अन् शहराचे?"

"आमच्याकडं जरा अडचण आहे," अभय म्हणाला. "पंचनाम्यात पोट वादग्रस्त आहे ना. लेखापरीक्षणातून विचारतील, निम्मी म्हैस कशावरून. आधी तो खुलासा लागेल."

"खुलासा कोण देणार?"

"ज्यानं विल्हेवाट लावली तो. सही तुमचीच आहे."

अभयचा चेहरा एकदम गंभीर होता. बुधवारी जे बोलायचं राहिलं, ते त्यानं आज अशा पद्धतीनं बोलून घेतलं असावं. विश्वजीतनं बापाला ट्रॅक्टरवर घ्यायला नकार दिला, तुम्ही मागून चालत या म्हणाला आणि निघून गेला. डोक्यावर बाराचं ऊन. गाव तीन किलोमीटर.

निशानं चरक चालू केला. उरलेल्या चार मोळ्यांतला बरा ऊस निवडून घातला. घुंगरं वाजली आणि नानासाहेबांची मान तिकडं वळली. ते हळूहळू चालत गाड्यापाशी आले, बाकड्यावर न बसता खाली उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे जोडून तोंडापाशी धरले.

"कडूबाई, घसा सुकलाय बगा. हात घाण हायेत. वरूनच ओता ओंजळीत."

निशानं गिलास भरला आणि ओतायला हात वर केला. कडूबाईनं तिचा हात धरला.

लिंबाजीनं आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं याच गावात असंच पाणी पिलं होतं. नानासाहेबांच्याच वाडवडिलांच्या दारात, असंच उकिडवं बसून, वरून ओतलेलं. ते कसं प्यायचं हे तो हसत हसत करून दाखवायचा, म्हणजे कोपर किती वर धरायचं, नाकात जाऊ नये म्हणून मान कशी ठेवायची. नानासाहेबांना काही ते जमलं नव्हतं. कोपरं पार खाली होती. एवढ्यानं रस सगळा सदऱ्यावर सांडला असता.

कडूबाईला वाटलं, ओतावं. सगळ्या रस्त्यादेखत ओतावं, मोबाइल अजून चालू होते. तिच्या मनात आलं ते आलंच, आणि ते खूप गोड होतं, हे खोटं कशाला सांगा. मग तिनं बादलीतून तांब्या भरून घेतला, कपडे धुवायचा साबण उचलला आणि दोन्ही त्यांच्यापुढं ठेवलं.

"इथं वरून ओतत नाय कुणाला. हात धुवा, उठून बाकड्यावर बसा, अन् गिलासानं प्या."

नानासाहेबांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्यांना काय आठवलं, की काहीच आठवलं नाही, ते त्यांनाच माहीत. त्यांनी हात धुतले, तीनदा धुतले, बाकड्यावर टेकले आणि गिलास तोंडाला लावून सगळा रस एका दमात पिऊन टाकला. वीस रुपये ठेवले आणि वर न बघता गावाकडं चालायला लागले.

ते लांब गेल्यावर निशानं तो गिलास दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि सडलेल्या उसाच्या ढिगावर फेकायला निघाली.

"कुठं चाललीस?"

"टाकून देते, आई. घाण हाताचा हाय."

"टाकायचा नाय," कडूबाई म्हणाली. "घास, अन् बाकीच्यांत ठेव."

निशानं खाली बसून तो गिलास राखेनं दोनदा घासला आणि बाकीच्या गिलासांच्या रांगेत पालथा घातला.